माणसं वाढेनात, फ्लॅट स्कीमा वाढून राहिल्या. राहणार कोण आहे यात?

त्रिमूर्तीनगरवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला. बाबांनी १९८७ साली ३००० फुटांचा प्लॉट घेतला, मग पीएफमधून पैसे काढून घर बांधलं, खाली आम्ही आणि वर एक खोली न् गच्ची. आता बाबा ७४ चे, आई ७० ची, दोघांचेही गुडघे संपावर. मी नागपुरातच नोकरीला आहे, बहीण पुण्यात, ती काही आता परत येत नाही. मागच्या दिवाळीपासून एक बिल्डर मागे लागला आहे. जॉइंट व्हेंचर म्हणे. खाली पार्किंग, वर ४ माळे, एका माळ्यावर २, असे ८ फ्लॅट, ४ आमचे, ४ त्याचे, बांधकाम होईपर्यंत दोन वर्षं आम्ही भाड्याच्या घरात आणि ते भाडं तो देणार.

ऐकायला गोड आहे. पण रोज रात्री जेवण झालं की मी बाबांना घेऊन गल्लीत एक चक्कर मारतो, आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतो आहे. गल्लीत २२ प्लॉट. त्यातल्या ७ वर फ्लॅटच्या स्कीमा झाल्या, आठवीचं सेंट्रिंग लागलं आहे. रात्री कितीतरी बाल्कन्या अंधारातच दिसतात. आधीच्या २२ घरांत जेवढी माणसं होती तेवढी तरी आज गल्लीत आहेत का याचीच मला शंका येते. आम्ही क्रिकेट खेळायचो तेव्हा दोन टीमा सहज व्हायच्या, वरून तीन-चार जण ‘मला पण घ्या’ म्हणत कंपाउंडवर बसलेले. आता अख्ख्या गल्लीतून शाळेत जाणारी पोरं ९. ऑटोवाल्या दादांनी सांगितली संख्या, माझी नाही. बाकी सगळे पुणे, हैदराबाद, बंगलोर. एका स्कीमचं नाव लाईटच्या अक्षरात लावलं आहे, त्यातल्या ‘रेसिडेन्सी’चा ‘रे’ वर्षभरापासून बंद आहे, बदलायला कोणी नाही, रात्री नुसतं ‘सिडेन्सी’ दिसतं.

शेजारच्या स्कीममध्ये २ बीएचकेचं भाडं १५ हजार, विकायला ६५ लाख सांगतात. वर्षाचे १ लाख ८० हजार झाले, म्हणजे पावणेतीन टक्के. आणि बेसा, मनीषनगर, वर्धा रोड, हिंगणा, जिकडे पाहा तिकडे नवीन होर्डिंग. माणसं जर वाढत नाहीत तर हे सगळं कोणासाठी बांधून राहिले? आणि मी ४ फ्लॅट घेऊन करू काय? एकात आम्ही, एक बहिणीचा, उरलेल्या दोघांचं लोणचं घालू? का दहा वर्षांनी पोरीच्या गळ्यात मारायचे?

वर्‍हाडी_ठेचा

एवढं डोकं लावण्यापेक्षा प्लॉट मलेच देऊन टाका राजेहो. मी वांगे लावतो.

ऑरेंजसिटी_७७

भाऊ, आधी एक गोष्ट दुरुस्त करतो, मग पुढचं. ‘नागपूर वाढत नाही’ हे काही खरं नाही. महानगरपालिकेच्या हद्दीत १९९१ ला १६ लाख २४ हजार होते, २००१ ला २० लाख ५२ हजार, २०११ ला २४ लाख ५ हजार. पहिल्या दहा वर्षांत २६ टक्के वाढ, पुढच्या दहात १७. म्हणजे वेग उतरला, पण गाडी थांबली नाही. त्यानंतरचं कोणालाच माहीत नाही कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची होणार. तोवर बिल्डरचा ब्रोशर काय किंवा तुमच्या गल्लीतला ऑटोवाला काय, दोघांचेही आकडे सारखेच.

पण तुम्ही जे पाहून राहिले तेही खोटं नाही. शहर एकसारखं वाढत नाही नं. तुमच्या त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, लक्ष्मीनगर, धरमपेठ पट्ट्यात पोरं बाहेर गेली आणि म्हातारे उरले, आणि नवीन संसार गेले बेसा-पिपळ्याकडे, तिथं तर वेगळी नगरपंचायत आहे, ती माणसं महापालिकेच्या आकड्यात येणारच नाहीत. म्हणजे उद्या जनगणनेत शहराचा आकडा जागच्या जागी दिसला तरी त्याचा अर्थ माणसं नाहीत असा होत नाही, ती रिंगरोडच्या पलीकडं जाऊन बसली असा होऊ शकतो.

आणि माणसं कमी झाली म्हणून बांधकाम थांबतं असंही नाही. मुंबई शहर जिल्हा बघा, कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा. २००१ ला ३३ लाख ३८ हजार, २०११ ला ३० लाख ८५ हजार. अडीच लाख माणूस कमी झाला. आणि त्याच दहा वर्षांत परळ-लोअर परळला गिरण्या पाडून टॉवर उभे राहिले. चाळीच्या एका मजल्यावर जेवढी माणसं राहायची तेवढ्या जागेत आता दोन कुटुंबं आणि एक कुत्रा. घरं वाढली, माणसं घटली, दोन्ही एकाच वेळी.

महालची_मीनल

मी यावर आमच्याच घराचं उदाहरण देते. महालात आमचा वाडा होता, म्हणजे अजून आहे पण पडका. १९८५ साली त्यात १४ माणसं, एक चूल, एक नळ आणि एक संडास, सकाळी त्याच्यासमोर नंबर लावायचा, काकांच्या हातात पेपर असला की समजायचं आपला नंबर गेला. आज त्या १४ मधले काही वारले, काही नवीन जन्मले, मुली लग्न होऊन गेल्या, हिशोब केला तर आमच्या कुळाची नागपुरात राहणारी माणसं फक्त ११. आणि घरं किती? ५ फ्लॅट. एकात काकू एकट्या. एकात चुलतभाऊ आणि त्याची बायको. एकात आम्ही तिघं, एकात आईबाबा आणि आजी. एकात धाकटा दीर-जाऊ, पोरगं पिलानीला. म्हणजे माणसं तिघांनी कमी झाली आणि घरं पाचपट.

त्यामुळे दादा, तुम्ही डोकी नका मोजू, गॅसचे सिलेंडर मोजा. सोपं गणित आहे, १०० माणसं ५-५ च्या घरात राहिली तर २० घरं लागतात, ४-४ च्या घरात राहिली तर २५, आणि ३-३ ची झाली तर ३३. एकही माणूस न वाढता तेरा घरं जास्तीची लागली. आता महाराष्ट्रात एका बाईमागे मुलं सरासरी १.७ आहेत (सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब सर्वेक्षणात आहे), म्हणजे घरं अजून लहान होणार. बिल्डर लोक हेच खातात. माणसं जन्मायची वाट कोण पाहतो, वेगळं निघणं पुरतं.

पण हे कायम चालणारं नाही हेही मला दिसतं. एकाचं अर्धं कुटुंब कसं करणार? काकू गेल्या की तो फ्लॅट कोणाचा? चुलतभावाचा, जो आधीच एका फ्लॅटमध्ये आहे. आमच्या पिढीला घरं विकत घ्यावी लागली, पुढच्या पिढीला नकोशी होईपर्यंत वारशात मिळणार आहेत. माझ्या एकुलत्या एका पोराला आमचा, माझ्या माहेरचा आणि उद्या सुनेच्या माहेरचा असे तीन येतील बिचार्‍याला. राहील सिअॅटलला आणि मेंटेनन्स भरेल मानेवाड्याचा.

चंद्रपूरकर_मास्तर

मीनलताई, तुमचं पटलं, पण मंडळी एक जमात विसरून राहिली. आम्ही. ज्या अंधार्‍या बाल्कन्या त्रिमूर्तीनगरवाल्या भाऊंना दिसतात नं, त्यातली एक माझी समजा.

मी चंद्रपूरला शाळेत आहे. २०१६ ला मनीषनगरला २ बीएचके घेतला, ३४ लाखाला. कशासाठी? पोरगी अकरावीला होती, तिची शिकवणी नागपूरला, आणि आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. दोन वर्षं सौ. तिथं राहिली पोरीला आणि आईला घेऊन, मी शनिवारी रात्री जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. नंतर आई गेली, पोरगी पुण्याला गेली, सौ. परत आली. फ्लॅट तिथंच. आता वर्षातून पंधरा दिवस उघडतो, लग्न असलं, कोणाचं ऑपरेशन असलं तर. गोंदिया, भंडारा, यवतमाळ, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाडा, सगळीकडे माझ्यासारखे आहेत. मास्तर, तलाठी, कोळसा खाणीतले, डॉक्टर. नागपूर आमच्यासाठी राहायचं गाव नाही, दवाखान्याचं आणि कॉलेजचं गाव आहे. तुम्ही नागपूरची लोकसंख्या पाहता, बिल्डर अर्ध्या विदर्भाची पाहतो.

भाड्यानं का देत नाही म्हणाल. दिला होता एकदा. पोरं ठेवली, चार सांगितली, सात निघाली, जाताना किचनचा ओटा फोडून गेली, का फोडला ते आजपर्यंत समजलं नाही. वरून भाडेकरू ठेवला की आमच्या सोसायटीत १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावतात. नाव नॉन-ऑक्युपन्सी आणि लागतो कधी, तर माणूस राहायला आल्यावर! कुलूप लावलं तर काही नाही. इन्कम टॅक्सचंही तसंच, २०१९ च्या बजेटपासून दोन घरं स्वतःची म्हणून दाखवता येतात, दुसर्‍या बंद घराचं काल्पनिक भाडं उत्पन्नात धरत नाहीत. आधी धरायचे. म्हणजे कुलूप फुकट आणि भाडेकरू महाग. मग मी काय करू? ठेवला आहे. एफडीच आहे समजा, फक्त हिला दर वर्षी पावसाळ्यात ओल येते.

वर्‍हाडी_ठेचा

सर सातव्या पोरानं ओट्यावर पोळ्या लाटल्या असतील उभ्यानं

क्लीव्हलंडहून_विशाल

मूळचा नागपुरातल्या खामल्याचा, आता बारा वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात. हा धागा वाचून राहवलं नाही कारण मी ज्या शहरात आहे ते या प्रश्नाचं हेडमास्तर आहे.

क्लीव्हलंडमध्ये १९५० साली ९ लाख १४ हजार माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ३ लाख ७२ हजार. पोलादाचे कारखाने गेले, लोक उपनगरात गेले, जे उरले ते अजून दक्षिणेकडं गेले. आता तुम्ही म्हणाल अशा गावात नवीन अपार्टमेंट कोण बांधेल. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून क्रेन दिसते. डाउनटाउनमध्ये जुन्या बँका, जुनी ऑफिसं यांचे फ्लॅट करून राहिले, टर्मिनल टॉवर म्हणून १९३० च्या सुमाराची ५२ माळ्यांची इमारत आहे, गावाची ओळखच ती, तिच्याही काही माळ्यांवर आता लोक राहतात. मी पण सुरुवातीला अशाच एका जुन्या बँकेच्या बिल्डिंगमध्ये राहायचो, तळघरात तिजोरीचं गोल दार अजून तसंच होतं, तिथं आमच्या सायकली ठेवायच्या.

हे कसं परवडतं? एक, सरकारी टेकू. जुनी वारशाची इमारत नीट केली तर खर्चाच्या २० टक्के केंद्राच्या टॅक्समधून सूट, राज्याची वेगळी. नवीन घराला गावाकडून पंधरा वर्षांची प्रॉपर्टी टॅक्सची सूट. हे काढून घेतलं तर अर्ध्या क्रेन उद्या उतरतील, कारण गावात बर्‍याच भागात घर विकून जेवढे पैसे येतात त्याहून ते बांधायला जास्त लागतात. दोन, मीनलताई म्हणाल्या तेच, अमेरिकेत १९६० ला शंभरातली १३ घरं एकट्या माणसाची होती, २०२० ला २७-२८. एकट्या पोरापोरींना चार बेडरूम आणि लॉन नको, त्यांना खाली कॉफी पाहिजे.

पण खरी गोष्ट पुढं आहे आणि ती नागपूरला लागू पडते म्हणून लिहितो. या नवीन फ्लॅटमध्ये येणारी माणसं आकाशातून पडत नाहीत. गावाच्या पूर्ण काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखी) लोकसंख्यासुद्धा २०१० ते २०२० मध्ये १२ लाख ८० हजारांवरून १२ लाख ६५ हजारांवर आली. म्हणजे नवीन फ्लॅटमध्ये एक जण आला की त्यानं कुठलंतरी जुनं घर सोडलं, त्या घरात त्याहून जुन्या घरातला कोणी आला, असं करत करत रांगेच्या शेवटी जे घर असतं त्याला कोणीच उरत नाही. ईस्ट साइडला चक्कर मारा, एकेका रस्त्यावर दातात फटी पडल्यासारखी घरं आहेत, मधली पाडून टाकलेली. ती पाडायला २००९ पासून इथं वेगळी लँड बँक (पडीक घरं ताब्यात घेणारी संस्था) आहे. एकीकडं क्रेन, दुसरीकडं बुलडोझर, मध्ये दहा मिनिटांचं ड्रायव्हिंग.

म्हणून त्रिमूर्तीनगर भाऊ, प्रश्न ‘नवीन फ्लॅट रिकामे राहतील का’ हा नाहीच. नवीन भरतात. रांगेतलं शेवटचं घर कोणतं ते पाहा. नागपुरात मला वाटतं ते म्हणजे १९९०-९५ ची लिफ्ट नसलेली स्कीम, तिसरा माळा, पश्चिमेची बाल्कनी. आमचाच खामल्यात तसा एक आहे, बाबांच्या नावावर. चार वर्षं झाली, ब्रोकर फोनही उचलत नाही.

आणि मास्तर, तुमच्या कुलपावरून आठवलं. जपानमध्ये २०२३ च्या मोजणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, शंभरातली जवळपास १४. तिथंही एक कारण टॅक्सचंच, जमिनीवर घर उभं असलं तर लहान प्लॉटवरचा टॅक्स सहाव्या हिश्श्यावर येतो, पाडलं की पूर्ण लागतो. मग कोण पाडेल? पडकं का असेना, उभं राहू देतात.

मीटरवाले_काका

मंडळी, म्या वीज खात्यात तेहतीस वर्षं काढले, रिटायर होऊन सहा झाले. तुम्ही सगळे अंदाजपंचे बोलून राहिले. रिकामे फ्लॅट मोजाची पद्धत सांगतो, फुकटची.

स्कीमच्या पार्किंगमध्ये जिन्यापाशी मीटरचा बोर्ड असते. हरेक मीटरवर एक बारीक लाल दिवा राहते. वीज ओढली का तो लुकलुकते, जास्त ओढली का भरभर लुकलुकते. काहीच ओढलं नाही तं गप. आता मे महिना चालू आहे. नागपुरात मे महिन्यात रात्री ९ वाजता ज्या घरी कूलर नाही का एसी नाही ते घर रिकामं, याले पुरावा लागत नाही. तवा ९ वाजता जा, दिवे मोजा. एक दिवस लग्नाले गेले असतील म्हणून सोडून द्या, तीन दिवस लागोपाठ जा. अन् चौकीदार टोकत असन तं मागच्या अंगानं जा, खिडकीतल्या कूलरचे स्टँड पाहा. ज्या स्टँडखाली भिंतीवर पाण्याचा वगळ नाही तिथं माणूस नाही.

बाल्कनीतला दिवा पाहून काही समजत नाही, लोकं बिल वाचवाले बाल्कनीत अंधारातच बसतात.

सीए_ताई_धंतोली

काकांना दंडवत. मी जरा रुक्ष बोलते, माफ करा.

पहिली गोष्ट, तुमच्या स्कीमला रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, लागणारच नाही याचा विचार केला का? रेरा कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणी करावी लागत नाही. तुमचा प्लॉट ३००० फूट म्हणजे पावणेतीनशे मीटर, तो तसाही सुटतो, ८ काय आणि १० काय. याचे दोन अर्थ. एक म्हणजे अशा स्कीममध्ये ग्राहकाचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन नाही, किती विकले ते दर तिमाहीला वेबसाइटवर टाकायचं बंधन नाही. दुसरा अर्थ या धाग्याचा आहे, की नागपुरात असे ३-४ हजार फुटांचे प्लॉट गल्लोगल्ली आहेत, त्यावरच्या स्कीमा महारेराच्या यादीत दिसतच नाहीत. बेसा-वर्धा रोडच्या मोठ्या टाउनशिप दिसतात, तुमच्या गल्लीतल्या ७ दिसत नाहीत. मागणी किती हे जनगणना नसल्यामुळे माहीत नाही आणि माल किती हे यामुळे माहीत नाही, आणि यावर लोक ६५-६५ लाख लावतात.

दुसरी गोष्ट, एवढ्या स्कीमा अचानक का निघाल्या ते ‘मागणी आहे’ म्हणून नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित नियमावली आली, मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम, टीडीआर (दुसर्‍या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), त्यावर पुन्हा निवासीला ६० टक्के ॲन्सिलरी म्हणजे जोड एफएसआय, हे सगळं बेरीज करून ज्या प्लॉटवर आधी ४ फ्लॅट बसत होते तिथं ८ बसू लागले. बिल्डरला जमीन विकत घ्यावी लागत नाही, ती तुमची. त्याला फक्त बांधकामाचा खर्च आणि ४ गिर्‍हाईकं पाहिजेत. वरून पैशाला वाट पाहिजे असते. कोणी शेत विकलं, कोणी प्लॉट विकला, कॅपिटल गेनचा (विक्रीतल्या नफ्याचा) टॅक्स वाचवायचा म्हणून मुदतीत एक घर घेऊन टाकतो. माझ्याकडे मार्च-जुलैमध्ये येणारे किती जण राहायला घर घेतात आणि किती जण टॅक्स वाचवायला, हे मी सांगत नाही, पण ‘कोणतंही दाखवा ताई, ३१ तारखेच्या आत रजिस्ट्री झाली पाहिजे’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट रजिस्टर करा. नागपूर सुधार प्रन्यासचा लीजचा प्लॉट असेल तर आधी लीजचं नूतनीकरण आणि परवानगी पाहा. पॉवर ऑफ ॲटर्नीत विक्रीचा हक्क फक्त त्याच्या ४ पुरता द्या, तोही टप्प्याटप्प्यानं. तुमच्या वाट्याच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार ते स्पष्ट लिहून घ्या, तोंडी ‘मी आहे नं साहेब’ चालत नाही. टॅक्स साधारण कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेल्या वर्षी लागतो, पण मध्येच तुमचा वाटा विकला तर तेव्हाच लागेल. आणि चारही फ्लॅटच घ्यायचे असं कुठं लिहिलंय? दोन किंवा तीन घ्या, बाकीचे पैसे मागा.

ऑरेंजसिटी_७७

ताई, ‘पैसे मागा’ यावरूनच समजेल बिल्डरच्या मनात काय आहे ते. भाऊ, मागून पाहा आणि सांगा.

महालची_मीनल

आणि आईबाबांना विचारलं का? दोन वर्षं भाड्याच्या घरात जाणार ते, ७४ व्या वर्षी. आमच्या वाड्याच्या वेळी आजीला तात्पुरतं म्हणून हलवलं होतं.

त्रिमूर्तीनगरवाला

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी येतोय कारण काकांचं काम करत होतो. बाबांना एवढा उत्साह मी बर्‍याच वर्षांत पाहिला नाही, गुडघा विसरून गेले, हातात वही आणि पेन.

७ स्कीमा, एकूण ६२ फ्लॅट. एका ठिकाणी चौकीदारानं आत येऊ दिलं नाही, ते ८ सोडले. राहिले ५४ मीटर. तीन रात्री लागोपाठ ९ ते साडेनऊ. लुकलुकणारे ३३. तीनपैकी एखाद्या दिवशी बंद दिसलेले त्यातच धरले, ते लग्नाला गेले असं समजलो. म्हणजे २१ कायमचे गप. चौकीदारांशी बोललो त्यावरून ६ बिल्डरकडेच पडून आहेत, सगळ्यात नवीन स्कीममधले. ७ मालक पुण्यात नाहीतर परदेशात. ४ मास्तरांचे भाऊबंद, एक आर्वीचे, एक वणीचे, दोघांचं गाव चौकीदाराला नीट माहीत नाही पण ‘तिकडलेच आहेत’ म्हणे. उरलेले ४ कोणाचे ते चौकीदारांना माहीत नाही. त्या चारातले दोन विशालभाऊ म्हणाले तसलेच, ९६ ची स्कीम आहे, ६ फ्लॅट, लिफ्ट नाही, वरच्या माळ्यावरचे दोन्ही बंद. बाबा म्हणाले त्यातल्या एका मालकाला ते ओळखायचे, सोबत पेन्शनचं काम केलं होतं, जिना चढवेना म्हणून ते पोराकडं नाशिकला गेले.

आणि एक, जे मला आधी लक्षात आलं नव्हतं. ज्या स्कीमांमध्ये मूळ प्लॉटवाले परत राहायला आले तिथंच सगळ्यात जास्त दिवे आहेत. बाहेरचं गिर्‍हाईक आलेले फ्लॅट गप जास्त. म्हणजे आमच्या गल्लीत तरी नवीन स्कीमा भरल्या त्या बर्‍याचशा गल्लीतल्याच माणसांनी.

आता बिल्डरचं. काल संध्याकाळी आला होता, आईनं आंब्याचं पन्हं दिलं, त्यानं दोन ग्लास घेतले. मी म्हटलं साहेब, आम्हाला ४ नको, २ पुरे, पहिल्या माळ्यावरचे दोन्ही, बाकी दोनचे पैसे द्या, रेडी रेकनरच्या (सरकारी) भावानं दिले तरी चालतील, तुम्ही विकताना ६५ ला विका, आमची हरकत नाही. एवढा वेळ माणूस धडाधड बोलत होता, चार महिन्यांत बुकिंग फुल होतं, तुमच्या भागाला मागणी फार, एनआरआय लोक विचारून राहिले. पैसे म्हटल्यावर ग्लास खाली ठेवला. मोबाइल पाहिला. मग म्हणे, ‘साहेब, कॅशचं नका बोलू, मार्केट थोडं टाइट आहे. पाहिजे तर असं करू, मी एक माळा वाढवून घेतो, तुम्ही पाचवा फ्लॅट घ्या.’

बाबा वही घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांचं हसणं बाहेर ऐकू येत होतं.

सीए ताई, तुमच्याकडे शनिवारी अकरानंतर वेळ मिळेल का? बाबांनाही यायचं आहे, पण ऑफिस कितव्या माळ्यावर आहे आणि लिफ्ट आहे का ते आधी सांगा.